दिवाळीतला खोकला

१० मार्च २०२५ रोजी, सोमवारी, पारुबाई जाधव हिने हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्याचे शेतकरी विश्वंभर कदम यांना आठ हजार सहाशे पन्नास रुपये रोख परत केले. तिचा मुलगा विकास याने हळद शिजवून देण्यासाठी त्यांच्याकडून पंधरा हजार उचल घेतली होती. सहा हजार तीनशे पन्नासचे काम झाले होते. बाकीचे काम होणार नव्हते, म्हणून बाकीचे पैसे परत.

हंगाम ऐन भरात होता. उपटलेली हळद शेताशेतांत ढीग घालून पडली होती. होळी तीन दिवसांवर आली होती. अशा वेळी चालू काम सोडून, हातात पडलेली उचल परत नेऊन देणारे माणूस त्या पंचक्रोशीत कुणी पाहिले नव्हते. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असे हट्ट्यातही बोलले गेले आणि सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या तिच्या तांड्यावरही.

पारुबाईचे डोके ठिकाणावर होते. फक्त तिला सात वर्षांपूर्वी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर दोन दिवसांपूर्वी सापडले होते.

लग्न होऊन ती या तांड्यावर आली तेव्हा सासरी दोन एकर माळरान आणि एक लोखंडी कढई, एवढीच मालमत्ता होती. कढई मोठी, चार माणसांनी उचलावी अशी. नवरा थावरा ती बैलगाडीत घालून गावोगाव हळद शिजवायला न्यायचा. हळद जमिनीतून निघते ती ओली असते. ती शिजवायची, उन्हात वाळवायची, मग पॉलिशच्या ड्रममध्ये घोळवायची, तेव्हा ती बाजारात चालते. शिजवण्याचे काम थावरा आणि पारुबाईचे. खाली पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीचे ओंडके. लाकूड ओले निघाले तर जाळ धरावा म्हणून एखादा जुन्या टायरचा तुकडा. वर हळदीचा पाला आणि गोणपाट. माघ लागला की चैत्र सरेपर्यंत दोघे त्या धुरात. विकास झोळीत होता तेव्हा झोळी भट्टीजवळच्याच लिंबाला बांधलेली असायची. घरी आले की पुन्हा चूल होतीच.

त्या दिवसांत सगळ्यांनाच खोकला असे. त्याला नावही होते, हळदीचा खोकला. त्याची कुणाला भीती नव्हती, उलट मान होता. एखादा मजूर न खोकता हिंडताना दिसला तर बाकीचे विचारत, "काहून रे, जाळापाशी व्हतास का दिवसभर सावलीला?" हळदीचा खोकला आखितीला जातो, हा तांड्यावरचा नियम होता. आखिती म्हणजे अक्षय तृतीया. तोवर गूळ-सुंठ खायची, शेकायचे आणि थांबायचे. दरवर्षी लोक थांबत आणि दरवर्षी बहुतेकांचा खोकला जाई.

थावराचा एका वर्षी गेला नाही. कमी झाला, म्हणून गेला असे धरले. पुढच्या माघात पुन्हा वाढला, तेव्हा हंगामच होता. त्यापुढच्या वर्षी पावसाळ्यातही राहिला. तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात टीबी म्हणून सहा महिने औषध चालले. थावरा वाळत गेला. नांदेड लांब, जाण्यायेण्यात दिवस जातो, राहायचे कुठे, आधी सोयाबीन निघू द्या, असे करत अखेर २०१८ च्या पावसाळ्यात पारुबाईने त्याला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मशीनमधले फोटो बघितले आणि पारुबाईला बाजूला बसवले. फुप्फुसाचा कॅन्सर होता. दोन्हीकडे पसरला होता, पाठीच्या कण्यातही उतरला होता.

"बिडी पीत होते?"

"दिवसाला एक बंडल."

"काम काय?"

"हळदीची भट्टी."

"घरी गॅस आहे?"

"टाकी हाय. पर भरून आणायला औंढ्याला जावं लागतं. चूलच पेटती."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्या तिकडून लोक येतात ते असेच येतात. तिसऱ्या नाहीतर चौथ्या टप्प्यात. खोकला कधीचा आहे?"

"तो तर हळदीचाच व्हता, बाई." मग पारुबाईने हळदीचा खोकला म्हणजे काय ते समजावून सांगितले. डॉक्टरबाईंनी मध्ये तोडले नाही. शेवटी विचारले, "मग जो खोकला हळदीचा नसेल, तो तुम्ही ओळखणार कसा?"

पारुबाईला उत्तर आले नाही. पोळ्याच्या आधी थावरा गेला.

दिवस झाल्यावर ती रडत बसली नाही. कढई मोडीत घातली. विकासने नव्या पद्धतीचा कुकर घ्यायचा हट्ट धरला होता. त्यात पाण्याची एक टाकी असते, तिच्याखाली जाळ, आणि तिची वाफ नळीने चार पिंपांत जाते. पारुबाईने अट घातली की टाकीचे धुराडे दोन पुरुष उंच हवे, नाहीतर कुकर नको. बिडीवर घरात बंदी आली. चुलीवर तिने पत्र्याचा नळ बसवून घेतला. गॅसची टाकी संपली की ती स्वतः जीपच्या टपावर घालून भरून आणू लागली. सून दिपा गमतीने म्हणायची, "माझ्या सासूला सवत न्हाई, पर धूर हाय."

एवढे करूनही एक गोष्ट राहिलीच होती. धुराडे कितीही उंच असले तरी जाळ सारणारा माणूस भट्टीच्या तोंडाशीच उभा राहतो. तिथे विकास उभा राहायचा. आणि डॉक्टरबाईंच्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

ते शनिवारी, ८ मार्चला सापडले. फाल्गुन लागला की तांड्यावर संध्याकाळी लेंगी म्हणतात. लेंगी म्हणजे होळीची गाणी. पुरुष डफ घेऊन गोल धरतात, एकजण ओळ सोडतो आणि बाकीचे उचलतात. ओळ सोडायचा मान विकासचा. आवाज असा की धरणाच्या पलीकडून ऐकू यावा. त्या दिवशी त्याने ओळ अर्ध्यावर सोडली, गोलातून निघाला आणि ट्रॅक्टरच्या मागे जाऊन खोकत राहिला.

"हळद लागली रे नवरदेवाला!" कुणीतरी ओरडले. सगळे हसले. दुसऱ्याने ओळ उचलली आणि डफ चालू राहिला.

पारुबाई आणि दिपा ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. दिपाही हसली. सासूला ती विकाससारखीच याडी, म्हणजे आई, म्हणायची. "ह्यांचं काही खरं न्हाई, याडी. दिवाळीला पोरीचा दिवा इझवला, आता होळीला लेंगी बुडवली."

पारुबाईचा हात सुपात थांबला.

दिवाळीच्या अमावास्येला तांड्यावरच्या लग्न न झालेल्या पोरी नटूनथटून, हातात दिवे घेऊन घरोघर जातात आणि थोरांना ओवाळून दिवाळी मागतात. त्याला मेरा म्हणतात. गेल्या दिवाळीला शेजारची पुनम विकाससमोर दिवा घेऊन उभी राहिली, तेव्हा विकासला असा खोकला आला की दिवा विझला. पोरगी हिरमुसली, विकासने तिला वीस रुपये जास्त दिले, आणि घरादाराने ती गोष्ट हसून सोडून दिली होती. पारुबाईनेही.

"दिपा, दिवाळीला भट्टी पेटली व्हती का?"

"दिवाळीला कुठली भट्टी? माघात पेटती की."

"मग तो खोकला कशाचा?"

दिपाचे हसू तिथेच थांबले. ती हळू आवाजात म्हणाली, "रोज सकाळी असतो, याडी. मला म्हणले, तुला सांगू नको. तू बोंब मारशील."

"मारीनच," पारुबाई म्हणाली आणि सूप बाजूला ठेवून उठली.

त्या रात्री तिने काही केले नाही, कारण खोकणाऱ्या माणसाशी चारचौघांत वाद घालून उपयोग नसतो, हे ती थावराच्या वेळी शिकली होती. रविवारी सकाळी विकास ट्रॅक्टरला पाणी घालत होता. तिथे ती गेली.

"उद्या-परवा हिंगोलीला चलायचं. छातीचा फोटो काढायला."

"आखितीनंतर जाऊ की, याडी. हळदीचा खोकला हाय."

"दिवाळीचा हाय."

विकास चिडला. "सांगितलं का हिनं? बरं, हाय दिवाळीचा. पर कदमाचं काय? पंधरा हजार घेऊन बसलो. सहा एकराची हळद उपटून पडली. वेळेत शिजली न्हाई तर सुकून जाईल. मग हट्ट्यात पुन्हा काम मिळंल का आपल्याला?"

"ते मी बघते."

"काय बघतीस? तू हिंगोलीला जाऊन दिवसभर लाइनीत बसवणार, ते म्हणणार नांदेडला जा, नांदेडवाले म्हणणार संभाजीनगरला जा. हंगाम बुडतो, याडी. वर्षभराचं खाणं हाय त्यात."

"तुझा बापबी हंगामच बघत व्हता."

"बापाला आन् मला एका मापात नको घालू," विकास म्हणाला. पण म्हणताना त्याने तोंड फिरवले. आपल्याला काय होत असेल याची भीती त्याला दिवाळीपासूनच होती, आणि म्हणूनच त्याने खोकला लपवला होता, हे पारुबाईला त्या क्षणी कळले. घाबरलेल्या माणसाला समजावून काही होत नाही. त्याची वाट बंद करावी लागते.

तिने दुपारी दोन शेळ्या विकल्या. जिल्ह्यातल्याच गोरेगावला तिचा भाऊ राहतो, त्याच्याकडेही कुकर आहे. त्याला फोन करून तो कुकर बुधवारी हट्ट्याला आणायचे ठरवले. सोमवारी सकाळी ती एकटी विश्वंभर कदमांच्या शेतावर गेली आणि पैसे रुमालातून काढून त्यांच्या हातावर ठेवले.

विश्वंभरराव तडकले. "पारुबाई, ही काय रीत झाली का? माझा माल उन्हात पडला, आन् तुमी पैसे परत करून राहिल्या? पैसे काय शिजवून खाऊ?"

"कुकर येतो परवा, दादा. माझ्या भावाचा. मजुरी तीच. पैसे त्याला द्या."

"मग विकासला काय झालं? बसला का रुसून?"

"रुसला न्हाई. खोकून राहिला."

"अहो, हंगामात कोण खोकत न्हाई? मीबी खोकतो."

"तुमी दिवाळीला खोकत व्हता का?"

विश्वंभररावांना थावरा आठवला. थावराला त्यांनी याच बांधावर शेवटच्या हंगामात काठी टेकून जाळ सारताना पाहिले होते. त्यांनी नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि म्हणाले, "परवाच्या परवा कुकर यायला पाहिजे, बराबर. आन् पोराचं काय निघालं ते कळवा."

विकासला हे त्याच दिवशी कळले. संध्याकाळी त्याने दिपाला सांगितले की कदमांचे काम गेले तर जाऊ दे, दुसऱ्या एकाने बोलावले आहे, उद्या पहाटेच कुकर तिकडे नेतो. दिपाने ते सासूला सांगितले. वाफ फार झाली तर सुटावी म्हणून कुकरच्या टाकीवर एक पितळी शिट्टी असते. ती काढली की वाफ तिथूनच निघून जाते, पिंपांपर्यंत पोचतच नाही. पारुबाईने पाना घेतला आणि शिट्टी काढून कनवटीला खोचली.

मंगळवारी सकाळी ती फाट्यावर वसरामच्या जीपमध्ये जाऊन बसली. वसराम हा तांड्यावरचाच, दिराच्या नात्यातला. त्याची जीप भरल्याशिवाय निघत नाही. दहा माणसे हवीत. सात झाली होती. थोड्याच वेळात विकास पळत आला, धापा टाकत.

"याडी, शिट्टी दे."

"हिंगोलीला देते. बस."

"लोकं हसून राहिले."

"हसू दे. बस."

वसरामने खिडकीतून मान बाहेर काढली. "बस बाबा इकास, न्हाईतर ही बाई इथंच शिट्टी वाजवंल."

विकास तसाच उभा राहिला. त्याला पुन्हा खोकला आला, जीपचा दांडा धरून तो वाकला, आणि सरळ झाल्यावर त्याने तळहात पँटला पुसला. पारुबाईने ते पाहिले. तळहातावर काय होते ते तिने विचारले नाही. ती सरकली आणि जागा केली. तो बसला.

"चल, वसराम."

"अजून दोन मानसं पाहिजे, वयनी."

"बारा वाजता दवाखान्यात चिठ्ठ्या बंद होत्यात. काढ गाडी."

"मोकळ्या सीटा कोन भरंल?"

एवढ्यात मागे बसलेली एक म्हातारी, आपली मुलगी बसने येते आहे, असे म्हणत उतरून गेली. आता तीन सीटा रिकाम्या झाल्या. "तिन्हीचे मी देते," पारुबाई म्हणाली. "साठाच्या हिशेबानं. आज जवळ न्हाईत, पर देते. काढ."

हिंगोलीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. खोकला किती दिवसांचा, असे त्यांनी विचारले. विकास म्हणाला, "महिना झाला असंल."

"दिवाळीपासूनचा हाय, साहेब," पारुबाई म्हणाली. "आन् आज हातावर रगत व्हतं."

विकासने तिच्याकडे चमकून पाहिले.

"टीबीची तपासणी करू आधी. थुंकी द्यावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

"करा साहेब. पर फोटोबी आजच काढा. ह्याच्या बापाला सहा महिने टीबीचं औषध दिलं व्हतं. टीबी नव्हता, कॅन्सर व्हता. ह्याच्यासारखाच हळदीच्या भट्टीवर काम करत व्हता."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिले, आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या आणि दोन्ही लिहून दिले. फोटोत उजवीकडे वरच्या भागात एक डाग होता, बोराएवढा. थुंकीत टीबी नव्हता. डॉक्टरांनी नांदेडची चिठ्ठी दिली आणि बजावले की होळी झाली की लगेच जा, थांबू नका.

दवाखान्याच्या पायरीवर विकास बसून राहिला. मग म्हणाला, "बापाला झालं तेच हाय का, याडी?"

"असंल," पारुबाई म्हणाली. तिने खोटे सांगितले नाही. "पर बापाला आमी आणलं तवा पसरलं व्हतं. तुझं बोराएवढं हाय. बोर खुडता येतं." मग तिने कनवटीची शिट्टी काढून त्याच्या हातात दिली. "घे. आता तुझी तू ठेव."

ते तेच होते. पण पसरले नव्हते. नांदेडहून संभाजीनगर झाले, सुईने तुकडा काढून झाला, सरकारी योजनेत कागद बसायला काही दिवस गेले, आणि एप्रिलच्या शेवटी विकासच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला. आखिती त्या वर्षी त्याच आठवड्यात होती. पारुबाई त्या दिवशी वॉर्डाबाहेर सतरंजीवर बसली होती आणि दिपा तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती. पाच वर्षे तपासणीला यावे लागेल, त्याआधी पक्के कुणी काही सांगणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. विकास आता पेरणीला ट्रॅक्टर चालवतो. भट्टीच्या तोंडाशी जात नाही. कुकर मामाला भाड्याने दिला आहे. चढ लागला की त्याला थांबावे लागते. लेंगीची ओळ सोडण्याइतका श्वास अजून आलेला नाही.

ऑक्टोबरात दिवाळी आली. अमावास्येला तांड्यावरच्या पोरी दिवे घेऊन निघाल्या, आणि त्यांच्या मागोमाग पारुबाईही निघाली. पोरी ओवाळत होत्या आणि ती दाराशी उभी राहून ऐकत होती. डॉक्टरबाईंना द्यायचे उत्तर तिच्याजवळ आता होते. माघापासून आखितीपर्यंत सगळेच खोकतात, तेव्हा काही कळत नाही. भट्ट्या थंड असताना जो खोकतो, तो ओळखता येतो. दिवाळीला तांडा जसा स्वच्छ ऐकू येतो तसा नंतर येत नाही.

"वयनी, ह्या वयात मेरा मागतीस का?" एकाने विचारले.

"मेरा न्हाई रे. खोकला मागते. असंल तर घाल."

लोक हसले. पण पोरी आत आल्यावर जो तो जरा घसा रोखून उभा राहू लागला, आणि घसा रोखणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. वसरामच्या घरी पुनमने दिवा वर केला. वसरामने ओठ घट्ट मिटले. त्याचा चेहरा लाल झाला आणि मग त्याला खोकला आलाच. पुनमने या वेळी दिवा चटकन पदराआड धरला.

"बिडीचा हाय गं, वयनी," वसराम म्हणाला.

"बिडीचा असू दे, चुलीचा असू दे. भाऊबीज झाली की फोटो."

"माझ्याच जीपमधी मलाच नेतीस?"

"तुझी जीप तूच चालव. मी शेजारी बसते."

"आन् जीप भरली न्हाई तर?"

"तर मोकळीच काढायची."

वसरामला टीबी निघाला. सहा महिन्यांचे औषध चालू आहे. रोजची गोळी त्याने खरोखर घेतली की नाही ते बघायला पारुबाई सकाळी त्याच्या दारात जाते आणि त्याने ती गिळेपर्यंत उभी राहते. बिडीचे बंडल तिने त्याच्या खिशातून दोनदा काढून चुलीत घातले आहे. दिवाळीत खोकणारी तांड्यावरची आणखी दोन माणसे फोटो काढून आली. त्यांच्या छातीत काही निघाले नाही.

मार्चमधल्या त्या तीन रिकाम्या सीटांचे एकशे ऐंशी रुपये वसरामला पारुबाईकडून अजून यायचे आहेत.